आत्याबाईंचा गाडीतला फ्रिज

प्रिय आत्याबाई,

शरणार्थ.

आज दुपारी थोरले भाऊजी बीडहून गाडीला गिऱ्हाईक घेऊन आले. मी किल्ली दिली नाही. म्हणून हे पत्र लिहायला बसले आहे. घरात दुसऱ्या कुणाला सांगायला जावं तर ते आधी 'कशाला' म्हणतात आणि उठून जातात. तुम्हीही 'कावून गं मंगले' म्हणायच्याच, पण उत्तर ऐकायला थांबायच्या.

गिऱ्हाईक माणूस तसा चांगला होता. गाडीभोवती फिरला, टायरला पायाने ठोकून पाहिलं, मागचं दार उघडलं आणि विचारलं, "ही पेटी कसली?"

"आईचा फ्रिज होता," भाऊजी म्हणाले. "ते वायरिंग, ती दुसरी बॅटरी, सगळं काढून देऊ तुम्हाला."

मी दुकानाच्या पायरीवर उभी होते. खाली उतरले आणि म्हणाले, "भाऊजी, गाडी विकायची नाही."

"महेशशी बोलणं झालंय माझं."

"माझ्याशी नाही झालं."

तुमचे थोरले चिरंजीव कचेरीत मोठे साहेब आहेत. त्यांना कुणी असं रस्त्यात उभं करून बोललेलं नसेल. त्यांचा चेहरा पडला. गिऱ्हाइकासमोर मला असं बोलायचं नव्हतं, पण ते 'काढून देऊ' म्हणाले आणि माझं डोकं फिरलं. काढून द्यायला ते एका दिवसात बसलं होतं का?

कारण त्याहून मोठं आहे. ते सांगते. पण अर्ध्यातून सांगितलेलं तुम्हाला आवडायचं नाही, म्हणून पहिल्यापासून सांगते.

तुम्हाला आठवतं, लातूरच्या लग्नाला तुम्ही कशा गेला होतात? उन्हाळ्याचे दिवस. थर्मासमध्ये बर्फ, बर्फात इन्सुलिनची बाटली, आणि थर्मास तुमच्या मांडीवर. वाटेत एसटी बंद पडली. बर्फाचं पाणी झालं, पाणी कोमट झालं, आणि तुम्ही लग्नघरी तीच बाटली सुईत भरून टोचत राहिलात. साखर इतकी वाढली की मांडवातून थेट दवाखान्यात न्यावं लागलं. डॉक्टर म्हणाले, औषध उन्हाने मेलंय, तुम्ही नुसतं पाणी टोचत होतात.

त्यानंतर तुम्ही बाहेर पडणंच सोडलं. शिवरात्रीला परळीला गेलात तरी उन्हं चढायच्या आत घरी. कुणी विचारलं तर म्हणायच्या, "औषध घरच्या फ्रिजात, अन् मी औषधाच्या दावणीला." लोक हसायचे. तुम्हीही हसायच्या. मला ते हसणं खरं वाटायचं, कमळामावशींच्या घरून तो फोन येईपर्यंत.

तुमची धाकटी बहीण. उदगीरकडच्या एका घरात एकाच घोंगडीवर वाढलेल्या दोघी, एक सिरसाळ्याला दिली आणि एक पार धारवाडला. मावशींचे यजमान गेले त्या दिवशी तुम्ही फोन कानाला लावून ओसरीवर बसला होतात. तिकडून मावशी काही बोलत नव्हत्या, नुसत्या रडत होत्या. आणि तुम्ही म्हणत होतात, "येते गं, मी येते." फोन ठेवलात आणि माझ्याकडे पाहून म्हणालात, "खोटं बोलले मी तिच्याशी." मी चहा करायला आत गेले.

मग तो मांजरसुंब्याचा ढाबा. मी जामखेडहून, भावाकडून येत होते. एसटी चहाला थांबली. शेजारी एक मोठी गाडी उभी होती, मागे गादी अंथरलेली, खिडक्यांना पडदे, आणि एक बाई मागच्या दारात बसून छोट्या पेटीतून दूध काढून लेकराला देत होती. दुधाच्या पिशवीवर दव जमलं होतं. मी चहाचा कप तसाच ठेवून तिच्याकडे गेले.

"ताई, हे कशावर चालतं?"

"गाडीच्या बॅटरीवर. इंजिन चालू असलं की बॅटरी भरत राहते, आणि हा चालत राहतो."

"आणि गाडी उभी केल्यावर?"

"त्यासाठी दुसरी बॅटरी आहे, हिची स्वतःची. तीही चालता चालताच भरते."

तिने मला हात घालून बघू दिलं. बाहेर ढाब्याचा पत्रा तापलेला, आणि आत माझी बोटं गार पडली. एसटीवाल्याने दोनदा हॉर्न दिला तेव्हा मी निघाले. त्या बाईचं नाव विचारायचं राहिलं.

घरी आल्यावर तुम्हाला सांगितलं. तुम्ही तांदूळ निवडत होतात. मान खालीच ठेवून म्हणालात, "अन् आपल्या गाडीत बसंल का ते?"

दुकानाचा माल आणायची आपली व्हॅन. महेशच्या कमरेने दगा दिल्यापासून ती मीच चालवत होते, तेही तुमच्यामुळे. बाई गाडी चालवते म्हणून चौकात लोक बघायला लागले तेव्हा तुम्ही पुढच्या सीटवर येऊन बसलात आणि काच खाली करून एकेकाला विचारलंत, "कावून रे, कधी गाडी पाह्यली न्हाई का?" त्यानंतर कुणी वर पाहिलं नाही.

फ्रिज आला. केवढासा, बसायच्या स्टुलाएवढा. त्याची वायर आपण लायटरच्या सॉकेटमध्ये खुपसली आणि समजलो की काम झालं. पहिली स्वारी तुमचे डोळे तपासायला, बीडला. तुमच्या डोळ्यांत थेंब टाकून डॉक्टरांनी अख्खी दुपार बसवून ठेवलं आणि खाली गाडीत इंजिन बंद, फ्रिज चालू. आपण आलो, मी किल्ली फिरवली, गाडी नुसती टिक् करून गप्प.

ज्या बॅटरीवर गाडी सुरू व्हायची, तीच फ्रिजने पिऊन टाकली होती. आधीच ती म्हातारी. मला रडू फुटायच्या बेतात होतं. तुम्ही काय केलंत? थेंबांनी नीट दिसत नसताना खाली उतरलात, लुगड्याचा काष्टा घट्ट केलात आणि दोन रिक्षावाल्यांना हाक मारलीत. "या रे बाबांनो, सुनंची गाडी ढकला." आणि स्वतःही हात लावलात. त्या पोरांनी "आजी, तुमी सोडा" म्हटलं तर म्हणालात, "ढकलीत न्हाई, आधार घेतलाय."

घरी आल्यावर महेश म्हणाला, बास झालं आता. फ्रिज दुकानात ठेवू, ताक थंड करायला होईल. तुम्ही ताटावरून उठला नाहीत, पण घास हातात थांबला. "एकदा गाडी बंद पडली म्हणून काय झालं? तू चालायला शिकताना किती डाव पडलास, सांगू का मंगलला?"

मला त्या वाक्याने जो जोर आला ना, तो अजून पुरतो आहे.

मग आपण नसीरभाईंना धरलं. गाड्यांचं वायरिंग करणारे, परळीच्या रस्त्याला टपरी. ट्रकवाल्यांचे हॉर्न आणि लाइट हेच त्यांचं रोजचं काम. गाडीत फ्रिज त्यांनीही कधी लावला नव्हता. त्यांनी खरं ते सांगितलं. "भाभी, बघून बघून करू. चुकलं तर परत करू." मी फोनवर व्हिडिओ बघायचे, ते हातात टेस्टर धरून ऐकायचे, आणि तुम्ही टपरीपुढच्या खुर्चीवर बसून दोघांवर लक्ष ठेवायच्या.

ड्रायव्हरच्या सीटमागे दुसरी बॅटरी पट्ट्याने आवळून बसवली. मध्ये एक रिले लावला. गाडी चालू असली की दोन्ही बॅटऱ्या जोडायच्या, बंद झाली की तोडायच्या, म्हणजे रात्रभर फ्रिज चालला तरी गाडीच्या बॅटरीला धक्का नाही. मला वाटलं जिंकलो. पण सकाळी बघावं तर फ्रिज बंद. परत गाडी फिरवून आणायची, परत सकाळी बंद. दुसरी बॅटरी भरतच नव्हती.

नसीरभाईंनी मीटर लावून दाखवलं. पुढे इंजिनपाशी भरपूर व्होल्ट आणि मागे बॅटरीपाशी पोचेपर्यंत कमी. वायर लांब आणि बारीक, ती वाटेतच तापून खाते. शिवाय पुढची बॅटरी एका जातीची, मागची दुसऱ्या जातीची. दोघींची भूक वेगळी. तुम्ही सगळं ऐकून घेतलंत आणि म्हणालात, "म्हणजे शेतातल्यासारखंच. मोटार चांगली, पर पाइप अर्ध्या इंचाचा." नसीरभाई हसले. "बस, आजी, तेच."

जाड तांब्याची वायर टाकली. दोन्ही टोकांना फ्यूज. आणि रिले काढून मध्ये एक चार्जर बसवला, जो पुढच्या बॅटरीकडून घेऊन मागचीला हवं तसं, हवं तेवढं भरतो आणि इंजिन थांबलं की स्वतःच थांबतो. त्या दिवशी मी परळीला साखरेची पोती आणायला गेले आणि आले, तेवढ्यात मागची बॅटरी बरीच वर आली होती. मला कुणाला तरी मिठी मारावीशी वाटली. तुम्ही तशा मिठी मारून घेणाऱ्या नव्हतात, म्हणून मी तुमच्या पायावर डोकं ठेवलं. "उठ, उठ," म्हणालात, "लोक बघायलेत."

तरी तुम्ही औषध लगेच ठेवू दिलं नाहीत. आधी पाण्याचा पेला, पेल्यात थर्मामीटर. तो वाचायचं काम तुमच्याकडे. एकदा फ्रिज फारच थंड लावला गेला आणि पेल्यावर बर्फाची साय आली. तुम्ही मला बोलावून दाखवलंत. "हे औषध असतं तर? उन्हानं मरतं तसं बर्फानंबी मरतं." आणि एकदा तुमच्याच हातून, आत्याबाई, घोळ झाला. थंडी बाहेर जाऊ नये म्हणून तुम्ही फ्रिजवर गोधडी पांघरली! त्याच्या बाजूच्या जाळ्या झाकल्या, आतला पंखा गुदमरला आणि फ्रिज भट्टीसारखा तापला. मी गोधडी काढली तेव्हा तुम्ही म्हणालात, "त्याला हवा लागते हे त्यानं सांगायला नको?"

चैत्रात आपण धारवाडला निघालो. भाऊजींनी बीडहून फोन करून महेशला झापलं, आईला या वयात उन्हात कुठे पाठवतोस म्हणून. महेश दुकानात उभा राहून म्हणाला, "दादा, तिला कोण पाठवतंय? ती चाललीय."

मांजरसुंब्याला मोठ्या रस्त्याला लागलो. तोच रस्ता सोलापूर, विजापूर करत हुबळीला जातो. येडशीचा घाट उतरताना तुम्ही डोळे मिटून घेतले होते, देवाचं नाव घेत होतात की मला घाबरत होतात, ते कधी सांगितलं नाहीत. सोलापूरच्या पुढे एका पेट्रोल पंपावर मुक्काम केला. तिथल्या माणसाने झाडाखाली जागा दिली. मागची सीट पाडून गादी टाकली, फ्रिज तुमच्या उशाशी. त्याची ती बारीक घुरघुर ऐकून तुम्ही म्हणालात, "मांजर झोपल्यावानी वाटायलंय." आणि तुम्हालाच आधी झोप लागली.

सकाळी मी उठले तर तुम्ही गाडीच्या दारात पाय सोडून बसला होतात. समोर ज्वारीचं रिकामं रान. कपाळाला विभूती लावलेली. फ्रिज उघडून औषध काढलंत, सुई भरलीत, पोटाला टोचलीत आणि बाटली परत जागेवर ठेवलीत. अगदी घरी करायच्या तसं. मग माझ्याकडे पाहून म्हणालात, "मंगले, मी लातूरच्या पुढं आले." मी गादी गुंडाळायला घेतली.

विजापूर सोडल्यावर ते झालं. ऊन नुसतं ओतत होतं. तुम्ही मागून म्हणालात, "ह्याचा दिवा गेला." मी गाडी बाजूला घेतली. फ्रिजवर अंधार. दवाखाना मागे किती लांब, पुढे किती लांब, काही माहीत नाही. भाषा येत नाही. आणि लातूरचा तो मांडव डोळ्यांपुढे.

"महेशला फोन लावते," मी म्हणाले.

"त्याला लावून काय व्हईल? तो तिथून फुंकर मारणाराय का?" तुम्ही गाडीतून उतरलात, छत्री उघडलीत आणि माझ्या डोक्यावर धरलीत. "आधी झाकण उघडू नको. आत गार हाय, ते गार ऱ्हाऊ दे. आता नसीर काय करंल, ते तू कर."

मी फ्यूज पाहिला, चांगला होता. दुसऱ्या टोकाचा पाहिला, तोही चांगला. मग वायर हाताने चाचपत गेले. खड्ड्यांनी हादरून हादरून अर्थिंगची वायर, ती काळी, बॉडीला आवळलेल्या नटापासून सुटली होती. नुसती टेकली होती. पाना आणलेला होता. हात घामाने घसरत होते. तुम्ही छत्री एका हातातून दुसऱ्या हातात घेतलीत, पण माझ्यावरून हलवली नाहीत. तुमचा अर्धा खांदा उन्हात होता. नट आवळला. दिवा लागला. पेल्यातलं पाणी अजून गारच होतं.

तुम्ही शाबास म्हणाला नाहीत. छत्री मिटलीत आणि म्हणालात, "चल. ती वाट बघत असंल." पण गाडीत बसल्यावर, मी गिअर टाकत असताना, तुमचा हात माझ्या खांद्यावर आला आणि धारवाड येईपर्यंत तिथेच होता.

आणि मावशींचं दार. मला वाटलं होतं दोघी गळ्यात पडून रडतील. मावशी दारात उभ्या राहिल्या, तुमच्याकडे पाहत. मग म्हणाल्या, "फार उशीर केलास अक्का."

"केला," तुम्ही म्हणालात.

एवढंच. मग दोघी आत गेल्या, भिंतीला टेकून बसल्या आणि एका सुपात शेंगा फोडायला लागल्या. थोडं मराठी, थोडं कानडी, मध्येच एकदम गप्प. मला त्यातलं अर्धंही कळलं नाही. पण त्या सुपातल्या शेंगा संपल्या तेव्हा मावशींच्या चेहऱ्यावरचा ताण उतरला होता, हे मी पाहिलं. त्या घरात आपण कितीतरी दिवस राहिलो. निघताना तुम्ही काय केलंत तेही मला माहीत आहे. इन्सुलिनच्या मागे पेढ्यांचा पुडा लपवला होतात. मी विचारलं तर म्हणालात, शेजारच्या लेकरांसाठी. सोलापूर येईपर्यंत पुडा अर्धा झाला होता, आत्याबाई. गाडीत लेकरं नव्हती.

परत जायचं ठरलं होतं. मी म्हणाले होते, आषाढ लागायच्या आत जाऊन येऊ. तुम्हीच नको म्हणालात. पाऊस उघडू दे, सोयाबीन निघू दे, मग दिवाळीनंतर निवांत. तुम्ही कधी कशाला निवांत म्हणाला नव्हतात, त्याच वेळी कुठून सुचलं? भाद्रपदातल्या एका सकाळी पूजा आटोपून तुम्ही ओसरीवर टेकलात, पाणी मागितलंत, आणि मी तांब्या घेऊन येईपर्यंत तुम्ही नव्हतात. औषधाने दगा दिला नाही, साखर बरोबर होती. हृदय थांबलं, डॉक्टर म्हणाले. मला तुमचा राग येतो कधी कधी. एक घोट पाणी पिण्याइतकं तरी थांबायचं होतं.

आपल्या शेतात, बोरीच्या अलीकडे तुम्हाला समाधीत बसवलं. पावसाने रस्ते तुटले होते. मावशी येऊ शकल्या नाहीत. त्यांच्या मुलाने फोन धरला आणि त्यांनी फोनवर तुमचं शेवटचं दर्शन घेतलं. मला त्यांचा चेहरा दिसत होता. बहुधा त्यांना माती पडताना दिसली.

आणि आता ते कारण.

परवा मावशींचा फोन आला. त्यांनाही इन्सुलिन सुरू झालंय. मुलगा म्हणतो, आता लांब कुठे जायचं नाही, उन्हाळा तोंडावर आहे, समाधीचा फोटो पाठवायला सांगतो. मावशी मला म्हणाल्या, "फोटोवर हात ठेवला तर काच लागते गं, मंगल." मग हळूच विचारलं, "ती पेटी अजून आहे का तुझ्या गाडीत?"

मी म्हणाले, आहे.

आता सांगा, आज किल्ली कशी देऊ?

खरं तर 'आहे' म्हणून टाकलं तेव्हा ती चालते की नाही हेही मला माहीत नव्हतं. तुम्ही गेल्यापासून फ्रिजकडे पाहवलं नव्हतं. गाडी नुसती गावातल्या गावात. मागची बॅटरी पार उतरली होती. चार्जर तिला घेईना. नसीरभाईंकडे गेले. ते बघून म्हणाले, "भाभी, उपाशी ठेवली तुम्ही हिला. आधी बाहेरून हळूहळू भरू, मग गाडीवर टाकू. घेतली तर घेतली." त्यांच्या टपरीत ती ठेवून आले. आज सकाळी आणून बसवली. परळीची एक फेरी मारली. येताना वाटेत थांबून पाहिलं, बॅटरी वर चढत होती. मग पेल्यात पाणी, पाण्यात थर्मामीटर. वाचायला मीच. चार अंशांवर थांबला. मी मोठ्याने म्हणाले, "चार." मागच्या सीटवर तुमच्या जागी पोती होती.

आणि तेवढ्यात दारात भाऊजी, गिऱ्हाईक घेऊन.

ते दोघे गेल्यावर महेश दुकानातून बाहेर आला. गूळ तोलता तोलता त्याने सगळं ऐकलं होतं.

"विकायची नव्हती तर मला आधी सांगायचं ना."

"तुम्हीही दादांना हो म्हणायच्या आधी मला विचारायचं."

तुमचा मुलगा आहे. चूक कळली की कानामागे खाजवतो, तसं खाजवलं. मग म्हणाला, "आईची गाडी दारात दिसली की मला आत जाववत नाही. म्हणून हो म्हणालो." हे त्याने मला आजवर सांगितलं नव्हतं. तुम्हाला माहीत होतं का, तो असा आहे ते? मग मी त्याला मावशींच्या फोनचं सांगितलं.

"एकटी जाशील?"

"जाताना एकटी. येताना दोघी."

तो गाडीच्या मागच्या दारापाशी गेला. दार उघडलं, फ्रिजवर हात ठेवला, घुरघुर ऐकली. मग आत जाऊन पाना घेऊन आला, गुडघ्यावर बसला, कंबर दुखते तरी, आणि ती काळी वायर जिथे आवळली आहे तो नट त्याने पुन्हा एकदा आवळून पाहिला. "हा ढिला होतो ना?" म्हणाला. मी त्याला विजापूरचं कधीतरी सांगितलं होतं. मला वाटलं होतं तो ऐकत नव्हता.

भाऊजींना संध्याकाळी महेशच फोन करणार आहे. करेल. नाही केला तर मी करेन. त्यांना वाईट वाटलं असेल तर त्यांची माफी गिऱ्हाइकासमोर बोलल्याबद्दल मागेन. जे बोलले त्याबद्दल मागणार नाही.

मावशींच्या मुलाशी मी बोलले आहे. आधी तो तयार नव्हता. त्याला मी बॅटरी, चार्जर, थर्मामीटर, सगळं समजावून सांगितलं, नसीरभाईंनी मला सांगितलं होतं तसं. शेवटी तो म्हणाला, "वहिनी, तुम्ही हे सगळं स्वतः बघता?" मी म्हणाले, बघते. तो म्हणाला, मग आईला तयार ठेवतो.

आत्याबाई, तुम्हाला शब्द देते. सोमवारी उजाडताच मी निघते. मावशींना घेऊन येते, त्यांची सुई, त्यांचं औषध, सगळं वेळेवर, थंड. वाटेत काही सुटलं तर आवळेन, बंद पडलं तर सुरू करेन. कुणाला ढकलायला बोलवावं लागलं तर तेही बोलावेन, लाजणार नाही. त्यांना शेतात तुमच्यापाशी आणून बसवेन. त्या जितका वेळ बसतील तितका बसू देईन. ऊन चढलं, औषधाची वेळ झाली, आता उठा, असं मी त्यांना म्हणणार नाही. औषध बांधावर, गाडीत असेल. मी छत्री घेऊन शेजारी उभी राहीन.

तुमची,
मंगल
सिरसाळा